मनोरीच्या वाळूतले निवडुंग

३ नोव्हेंबर १९८५, रविवार

आजपासून कामाला सुरुवात केली. चुरी सरांना दाखवायची टिपणं वेगळी ठेवणार आहे. तिकडं झाडांची नावं आणि जागा, इथं बाकीचं सगळं, म्हणजे मनातलं.

कल्पना सरांची. मनोरीपासून गोराईपर्यंत समुद्राच्या काठानं चालायचं आणि परमुलखातून येऊन इथं ठाण मांडून बसलेली झाडं ओळखायची. कोणतं कुठं आहे, त्यानं कोणाची जागा बळकावली आहे, हे लिहायचं. मग फेब्रुवारीत कॉलेजची मुलं श्रमदानाला आणायची आणि सगळं उपटून टाकायचं. आमच्या बोरिवलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर मी एकटी, तेव्हा रविवार कोणाचे जाणार हे वेगळं सांगायला नको. सर म्हणाले, "सुलक्षणाबाई, तुम्हालाही तेवढाच बदल." बदल! नवरा घर सोडून गेलेल्या बाईला सारखी हवापालट लागते असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दर्यार कित्याक जातंस?" म्हटलं, झाडं बघायला. "झाडां हंय काय कमी आसत?" असं म्हणून त्या तांदूळ निवडत बसल्या.

मार्व्याहून होडीनं पलीकडं गेले. उतरल्या उतरल्या रस्त्याच्या कडेला गाजरगवत, मागं घाणेरीची दाटी, वर चढाला रानमोडी. सुबाभळी तर रांगेत उभ्या, त्या आपल्याच सरकारनं आणून लावल्यात. वाळूवर मात्र मर्यादावेल भरपूर पसरली आहे, ती आपली, तिला हात लावायचा नाही. काम सोपं आहे. मान खाली घालून चालायचं आणि परकं कोण ते ओळखायचं. पाय मात्र मोडून आलेत.

१० नोव्हेंबर, रविवार

परवा दिवाळी, तरी गेले. सासूबाईंनी फराळाला अजून हात लावलेला नाही. तो आल्यावर करू म्हणतात. गेली दोन वर्षं तेच.

कोळीवाड्यातल्या शेवटच्या घरी पाणी मागितलं. घर मथुरामावशीचं, पन्नाशीची बाई, आवाज एवढा की समुद्राला दबकायला लावील. नवरा हरेश्वर, स्वतःची होडी आहे. तिनं पाण्याबरोबर चहाही दिला आणि माझी पुरती चौकशी केली. कुठली, काय करते, गवत बघायला एवढ्या लांब येते म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना. शेवटी विचारलं, "मालक काय करतान?"

"बाहेरगावी असतात," मी म्हटलं. हे उत्तर आता तोंडात बसलंय.

निघताना तिनं करंडा काढून कुंकू लावलं. "सवासनीनं तसंच जाव नये गो बाय." बरं वाटलं. आमच्या चाळीत हल्ली बायका मला कुंकू लावताना क्षणभर थबकतात, मग लावतात. हिनं भुवयांमध्ये असं दाबून लावलं की बोटाचा ठसा उमटला असेल.

जयवंतबद्दल इथं एकदा लिहून टाकते, नावानंच लिहिते, कोण बघतंय. लोअर परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. वर्षभर तो घरात भिंतीला टेकून बसला आणि मग दिवसदिवसभर बाहेर भटकायला लागला. कुठं जातो विचारलं तर "वाऱ्यावर" म्हणायचा. त्र्याऐंशीच्या मेच्या शेवटी एक दिवस धुतलेला सदरा घालून "येतो" म्हणून गेला. त्या वर्षी गणपतीत सावंतवाडीचा एक जण सांगत आला की मडगावला एका हॉटेलात गल्ल्यावर दिसला, हुबेहूब जयवंत. मी त्यावर विश्वास ठेवला. अजून ठेवते. सासूबाई म्हणतात, "तो येतलो." आमचं दोघींचं दुसऱ्या कशावर एकमत होत नाही, यावर होतं. आला की त्याला उंबऱ्यातच उभा करून काय काय ऐकवायचं ते मी ठरवून ठेवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज एक गंमत सापडली.

गावाच्या पुढं, सुरूच्या झाडांच्या मागं, भरतीचं पाणी पोचत नाही अशी एक उंच पट्टी आहे. तिथं फड्या निवडुंग. तो आला अमेरिकेतून, म्हणजे आमच्या कामाचाच. पण निवडुंग जसा वेडावाकडा पसरतो तसा हा पसरलेला नाही. वेगवेगळी बेटं आहेत, एकाला एक समांतर, प्रत्येक बेट माणूसभर लांबीचं आणि हातभर रुंदीचं. मध्ये नुसती वाळू. कोणी वाफे करून लावावेत तसं. कुंपणासाठी लावतात हे ठाऊक आहे, पण कुंपणाच्या आत काहीतरी असावं लागतं. इथं आत काहीच नाही.

सगळी एका वयाचीही नाहीत. काहींची खोडं पार लाकडासारखी झालीत, ती माझ्या जन्माआधीची असतील. शेवटचं बेट सगळ्यात लहान, गुडघ्याएवढं. फड्यावर फडा कसा चढलाय ते बघून वय काढता येतं. हे त्र्याऐंशीच्या पावसाळ्याच्या तोंडावर लावलेलं असणार. माझा हिशेब अशा बाबतीत सहसा चुकत नाही.

आणखी एक. लाल बोंडं लगडलीत, पण कोणी तोडलेली नाहीत. कुठल्याही गावची पोरं निवडुंगाची बोंडं सोडतात होय? इथं पिकून गळून पडतायत. पट्टीवर शेळ्यांची लेंडी नाही, पाऊलवाट नाही. समुद्राचा आवाजही तिथं कमी येतो, सुरूमुळे असेल. मी उभी होते तेवढा वेळ मागं कोणीतरी बसलेलं आहे असं सारखं वाटत होतं. दोनदा वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

लहान बेटाचं एक बोंड तोडलं, वाळूत घोळवून कुसं काढली आणि खाल्लं. लहानपणी गावी खायचो. हे त्याहून गोड निघालं, म्हणून दुसरंही खाल्लं. हात, ओठ, हनुवटी सगळं लालभडक.

मथुरामावशीकडं तशीच गेले. ती मासळी वाळत घालत होती. माझं तोंड बघून तिच्या हातातली टोपली खाली आली.

"कंचा खाल्लास? दाखव माना," ती म्हणाली. मी लांबून दाखवलं, ते शेवटचं, लहान.  ती आत गेली, तांब्या आणला आणि माझं तोंड लहान मुलाचं धुवावं तसं स्वतः धुतलं.  हिचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. विषारी नसतं, मी सांगितलं तिला. ती "हां हां" म्हणाली.

घरी आले तरी रंग होताच. सासूबाईंनी विचारलं, "तोंडाक काय लागलां गो?" आणि अंगठ्यानं माझा ओठ पुसला. मग बराच वेळ त्या अंगठ्याकडं बघत बसल्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आता करायलाच हवं.

८ डिसेंबर, रविवार

गोराईच्या बाजूचं निम्मं काम उरकलं. खाडीच्या कडेला तिवरांत बेशरमाचं झुडूप शिरलंय. नाव किती योग्य.

परतताना मावशीकडं टेकले. आज हरेश्वरकाका घरात होते आणि दोघंही माझी वाट बघत असल्यासारखे बसले होते. मावशीनं विचारलं, "तुजे मालक भायेरगावी कवापासून?" मला काय झालं कोण जाणे, मी खरं सांगितलं. त्र्याऐंशीचा मे, धुतलेला सदरा, मडगाव, सगळं. सांगताना रडूबिडू आलं नाही, उलट राग आला, नेहमीसारखा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत विचारलं, "डावे हाताचं एक बोट अर्धं होतं काय त्याचं?"

"हो," मी म्हटलं. "साच्यात गेलं होतं, लग्नाच्या आधी." नंतर होडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, यांना कसं कळलं? मीच मागं कधीतरी बोलले असेन. हल्ली काय बोलते ते लक्षात राहत नाही.

निघताना मावशीनं करंडा उचलला, उघडला, आत बघत राहिली आणि तसाच बंद करून फळीवर ठेवला. विसरली बहुतेक. मी आठवण करून दिली नाही, बरं दिसत नाही. पण घरी येईपर्यंत कपाळ उघडं असल्यासारखं वाटत राहिलं, खरं तर घरून लावलेली टिकली होतीच.

१२ जानेवारी १९८६, रविवार

मध्ये नाताळ, परीक्षा, सासूबाईंचा खोकला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

श्रमदानाची तारीख ठरली, दोन फेब्रुवारी. मुलांना कोणतं झाड काढायचं ते कळावं म्हणून आज गेरू कालवून डबा घेऊन गेले आणि काढायच्या झाडांवर बोटानं खुणा केल्या. घाणेरीवर, रानमोडीवर, शेवटी निवडुंगांवर. प्रत्येक बेटाच्या एका फड्यावर एक लाल पट्टा. शेवटच्या लहान बेटाशी आले तेव्हा गेरू संपत आला होता, म्हणून तळवाच डब्यात बुडवून दाबला. काटा रुतला. माझ्या पाचही बोटांचा ठसा उठला.

सुरूच्या आडून दोन-तीन बायका बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. त्यातल्या एकीनं डोक्यावर पदर घेतला.

१९ जानेवारी, रविवार

मी चिडलेय. गावकऱ्यांना श्रमदान नको असेल तर तोंडावर सांगावं. हे असले प्रकार कशाला?

निवडुंगांवरच्या सगळ्या खुणा धुवून टाकल्यात. नीट पाणी घालून, फडा पुसून. घाणेरीवरच्या तशाच आहेत, निवडुंगांवरच्याच गेल्या. फक्त शेवटच्या लहान बेटावरचा माझ्या हाताचा ठसा ठेवलाय. नुसता ठेवलाय असं नाही, त्याच्या खाली वाळूत पांढरी फुलं, तांदळाचे दाणे आणि एका द्रोणात पाणी. द्रोण ताजा होता. कावळे सुरूवर बसले होते, आणि मी गेले तरी उडाले नाहीत.

म्हणजे काय, ही माझी चेष्टा आहे की दम देणं? पाणी ओतून द्यावं असं मनात आलं होतं. का कोण जाणे, ओतलं नाही.

मावशीच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. ओसरी बायकांनी भरलेली. मी दारात उभी राहिले आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. गप्प होऊन उठून उभ्या राहिल्या. मावशी बाहेर आली, माझ्या पाठीवर हात ठेवला, मला मागच्या पडवीत नेऊन बसवलं. कुंकू नाही, तिळगूळ नाही. आत बायका हळू आवाजात बोलत होत्या. मी आपली पडवीतल्या जाळ्यांकडं बघत बसले. हिला काय माझा विटाळ वाटतो? मागं कुंकू विसरली असं समजत होते. विसरलेली नव्हती.

सासूबाईंना हे सांगितलं नाही. त्या बिछान्यातून विचारत होत्या, "दर्यार कोण भेटला?" म्हटलं, कोण भेटणार, घाणेरी.

२६ जानेवारी, रविवार

मला वाळीत टाकलंय, दुसरं काय म्हणणार.

होडीतून उतरले तेव्हापासून दोन बायका माझ्या मागं. बोलत नाहीत, थोडं अंतर ठेवून चालतात. मी थांबले की थांबतात. पट्टीवर मी वाकून टिपणं घेत होते तेवढा वेळ त्या वाळूत बसून राहिल्या. द्रोणातलं पाणी पुन्हा ताजं होतं.

दुपारी मावशीनं ताट पाठवलं. भात आणि वरण. वरणाला फोडणी नाही, हळद नाही, पांढरं फटक. मागं हिच्या हातची कोलंबीची आमटी खाऊन मी दोन दिवस बोटं हुंगत होते, आणि आता हे. ताट आणणारी बाई मी जेवेपर्यंत समोर बसली. मी "पुरे" म्हटलं तरी "खा गो, खावाचं लागतं" म्हणून वाढत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. ओळख ना पाळख.

परत निघताना मी हाक मारून म्हटलं, "मावशी, येते हां." एरवी ती गल्लीभर ओरडून "ये गो, ये" म्हणते. आज दारात उभी राहून नुसती बघत होती.  होडीत मी बसल्यावर कोणी बोलेनासं झालं, बिड्यासुद्धा विझवल्या.

भीती वाटते का? वाटते. काही करतील याची नव्हे. कशाची ते मला मांडता येत नाही. आता पुढच्या रविवारी मुलं येतील, कुदळी चालतील आणि एकदाचा हा विषय संपेल. सुरुवात त्या निवडुंगांपासूनच करायची. शेवटचं बेट मी स्वतः काढणार.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहिणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला हवं, नाहीतर मला वाटेल की मी स्वप्नात पाहिलं.

शनिवारी जागा नक्की करायला म्हणून मी एकटी गेले होते. पट्टीवर बायका बसलेल्या, पंधरावीस तरी असतील, लहान बेटाभोवती. मी तोंड सोडलं. म्हटलं, उद्या मुलं कुदळी घेऊन येणार आहेत, कोण अडवतंय बघू. हे झाड परकं आहे, इथलं नाही, आणि मी ते काढणारच.

मथुरामावशी उठली. तिचा तो आवाज परत आला होता. "आपले मानसावर कुदल चालवतंस?"

मी म्हटलं, "कोण माणूस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मागं वळून म्हणाली, "अगो, हिला ठावंच नाय." बायकांमध्ये एकदम हुंदका फुटला. कोणीतरी हरेश्वरकाकांना बोलवायला धावलं.

काकांनी सांगितलं ते असं. समुद्र कधी कधी माणूस आणून टाकतो. कोणाचा, कुठला, कळत नाही. चौकीत कळवलं की चौकशीपायी होडी महिनाभर काठाला बसते, म्हणून बापजाद्यांपासून गावच उरकतं. जात-धर्म ठाऊक नाही, मग जाळायचं कसं? म्हणून पुरतात, भरतीच्या वर. आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर निवडुंगाचे फडे रोवतात. "पावना म्हनतो आमी त्याला. कोनाचा तरी असतो, आमचे दारान आला." त्र्याऐंशीच्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, एक पाहुणा आला. अंगात सदरा होता. डाव्या हाताचं एक बोट अर्धं.

"तू हाताचा छापा मारलास," मावशी म्हणाली, "आमाला वाटलं तू वलखलंस. सगल्यांना पट्टा, त्याला हात. घरचं मानूस आल्याबिगर असा हात कोन ठेवतं? म्हनून बाकीचं पुसलं. त्यांचं कोनी आलं नाय ना अजून."

तेव्हा मला कळलं की तीन आठवडे हे सगळं गाव माझ्याबरोबर सुतक पाळत होतं. ते न सांगता माझ्या मागून चालणं, बिनफोडणीचं वरण, "ये" न म्हणणं. आमच्या गावीही हेच करतात. मी स्वतः किती जणींसाठी केलंय. आणि मी इथं चिडून वाळीत टाकलं म्हणून लिहीत होते.

मी मडगावचं सांगायला लागले. गल्ल्यावर बसलेला, हुबेहूब. सांगता सांगता माझाच आवाज मला परका वाटायला लागला. मग ती बोंडं आठवली. मी सुरूच्या मुळाशी जाऊन ओकले, पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिले. मावशीनं कपाळ धरलं. खरं सांगते, ती किळस फार टिकली नाही. नंतर नुसतं एवढंच वाटलं की अडीच वर्षांत त्याच्याकडून मला मिळालं ते तेवढंच, आणि ते गोड होतं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

उंबऱ्यात उभं करून ऐकवायचं जे ठरवलं होतं त्यातलं एक वाक्य आठवेना. मी फक्त विचारलं, त्याला कसा ठेवलाय? काका म्हणाले, डोकं गावाकडं, पाय दर्याकडं. परत जाऊ नये म्हणून.

रविवारी मुलं आली. मी त्यांना घाणेरीवर घातलं, रानमोडीवर घातलं, दिवसभर राबवलं. चुरी सर फिरत फिरत पट्टीवर गेले आणि तिथून हाका मारायला लागले, "सुलक्षणाबाई, अहो हा फड्या निवडुंग राहिला की! केवढा आहे!"

मी वर गेले. म्हटलं, "सर, तिथं परकं कोणी नाही."

सर हसले. "म्हणजे? अमेरिकेतला निवडुंग परका नाही? तुम्हीच टिपणात लिहिलंय."

"चुकून लिहिलं."

त्यांनी मग फुलं पाहिली, द्रोण पाहिला, फड्यावरचा ठसा पाहिला, आणि माझा हात पाहिला. काट्याची जखम अजून भरलेली नाही. त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि खाली उतरले. मुलं कुठं गेली विचारत होते, पण आवाज नेहमीचा नव्हता.

घरी सासूबाई. "येतलो" म्हणून अजून फराळाचा डबा रिकामा ठेवून बसलेली ही बाई. हिला कोणत्या तोंडानं सांगू? तीन दिवस झाले, मी समोर बसते, तोंड उघडते आणि चहा करू का विचारते. सांगितलं तर ती मरेल. नाही सांगितलं तर तो तिथं एकटा, आणि दिवसही नाहीत, पाणीही नाही, म्हणजे आहे ते कोळणींनी ठेवलेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

काल रात्री जेवताना सासूबाईच म्हणाल्या, "उद्या माका दर्यार व्हर." तिकडं ने म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला होडीत चढता येणार नाही, गुडघे बघा. त्या म्हणाल्या, "व्हर गो." मी काही सांगितलेलं नाही. देवाशपथ, अक्षरही नाही. वाटलं, बरंच झालं, तिथं नेऊन मावशीच्या समोर सांगू, दोघी असलो म्हणजे सावरता येईल.

होडीत चढताना दोघांनी हात दिला. पलीकडं उतरल्यावर मी त्यांना मावशीच्या घराकडं वळवायला लागले तर त्यांनी माझा हात सोडवून घेतला. नीट दिसत नाही त्यांना, ताटातला भातही चाचपून खातात. त्या चालायला लागल्या. वाळूत गुडघे दुमडत होते तरी थांबल्या नाहीत. कोळीवाड्याच्या मागून, सुरूच्या झाडांतून. मी मागं, माझ्या मागं मावशी, तिच्या मागं आणखी बायका. वारा पडला होता.

पट्टीवर चढल्यावर त्या जुन्या बेटांवरून पुढं गेल्या. एकाकडंही वळल्या नाहीत. शेवटच्या लहान बेटाशी थांबल्या आणि खाली बसल्या. गावाच्या बाजूला बसल्या, डोक्याच्या बाजूला.

हात पुढं करून त्यांनी फडे चाचपले. काटे लागत असणार, हात मागं घेतला नाही. मग जयवंतला सकाळी गिरणीच्या पाळीला उठवायच्या तशा सुरात, थोडं चिडून, म्हणाल्या, "जयवंता, उठ रे. किती येळ? चल, घराक जावया."

आणि त्या थांबल्या. खरंच थांबल्या, मान कलती करून, उत्तराची वाट बघत. आम्ही सगळ्या थांबलो.  त्या क्षणी वाळू हलली असती तर मला नवल वाटलं नसतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळून हळू आवाजात, तो जागा होऊ नये अशा आवाजात, म्हणाल्या, "निजलो आसा गो. ऱ्हवांदे."